धोरण की नीती? (उत्तर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आहे)

शहाद्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची पीएचडी उच्च शिक्षणाच्या पॉलिसीवर चालू आहे, शीर्षकात त्यांनी "उच्च शिक्षण धोरण" लिहिलं होतं, गाईड सरांनी लाल पेनाने खोडून "उच्च शिक्षण नीती" केलं, तर बरोबर काय? आणि मुखपृष्ठावर प्रबंध टाकायचं की शोधप्रबंध?

धोरण. सरांना माझा नमस्कार सांगा आणि धोरणच ठेवा.

हे नीती प्रकरण २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणापासून फारच वाढलंय. दिल्लीच्या हिंदी कागदावर "राष्ट्रीय शिक्षा नीति" असतं, हिंदीत ते बरोबरच आहे, पण आपले लोक त्यातल्या शिक्षाचं तेवढं शिक्षण करतात (नाहीतर पोरांना छड्याच मिळाल्या असत्या) आणि नीती तशीच राहू देतात, तीही बरेचदा ऱ्हस्व, "निती". परवा एका भाषणात "नीतीगत धोरण" ऐकलं, म्हणजे दोन्ही डगरींवर हात! मराठीत सुटी नीती म्हणजे नीतिमत्ता, वागणूक. राजनीती, युद्धनीती, चाणक्यनीती यांत जुना अर्थ टिकलाय, मान्य, पण तुमच्या तिसऱ्या प्रकरणात "तालुक्यातल्या कॉलेजांची नीती तपासली" असं वाक्य आलं तर प्राचार्य मंडळी भांडायला घरी येतील. १९६८, १९८६, २०२०, तिन्ही वेळचं राष्ट्रीय शिक्षण धोरण मराठीत धोरणच आहे.

बरं ते सोडा, खरी गंमत धोरण या शब्दात आहे. संस्कृत धातुपाठात धोर् असा धातू आहे आणि अर्थ दिलाय "गतिचातुर्ये". नुसतं पळणं नाही, चालीतली हुशारी! अमरकोशात घोड्याच्या पाच चाली येतात, आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत, त्यातली धौरितक म्हणजे आपली दुडकी, आणि तिथेच थोडं पुढे वाहनाच्या नावांत चक्क "धोरणम्" बसलंय. म्हणजे ताई, तुमच्या शीर्षकात घोडा उभा आहे आणि सर तो खोडायला निघालेत.

तुम्ही शहाद्याच्या, तुम्हाला सारंगखेडा मी काय सांगणार. दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो, तिथे मी एकदा सकाळी दोन तास नुसता उभा होतो. एक म्हातारा व्यापारी गिऱ्हाईकाला रेवाल चाल (झपाझप, पण स्वाराला धक्का न देणारी) दाखवत होता, स्वाराच्या हातात पितळी पेला, काठोकाठ पाणी, घोडा समोरून झपाझप गेला, परत आला, आणि म्हाताऱ्याने पेला उलटा करून सगळं पाणी गिऱ्हाईकाच्या पायाशी ओतलं, बघा, सांडलं का काही? हे गतिचातुर्य! धोरणी माणूस म्हणतो आपण, तो असाच असतो, पोचतो वेळेत आणि पेलाही भरलेला. २०२० च्या धोरणात २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातलं नोंदणी प्रमाण (कॉलेजच्या वयाच्या पोरांच्या मानाने किती नावं दाखल झाली ते) ५० टक्क्यांवर न्यायचंय, आणि पदवीतून पहिल्या वर्षी प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षी पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे, आता सातपुड्यातल्या धडगावकडची किती पोरं त्या सोयीने बाहेर पडतील आणि किती नुसतीच सांडतील हे तुम्ही मोजा, तुमचा विषय आहे.

धुळ्याचे एक निवृत्त प्राध्यापक गेली कित्येक वर्षं मला ऐकवतात की धोरण हे "धुरा"वरून आलं, धुरीण, धुरंधर तसंच. त्यांना घोडा चालत नाही, बैलच पाहिजे. अहो सर, धुरीण म्हणजे जू मानेवर घेणारा, त्याला ओझं वाहायचंय, चाल कशी ठेवायची हे गाडीवान ठरवतो, मग धोरण बैलाचं की गाडीवानाचं? यावर ते चहा मागवतात, उत्तर देत नाहीत. घोड्याच्या चालीपासून दूरदृष्टीपर्यंत अर्थ कसा सरकला याचा कागद माझ्याकडेही नाही हे कबूल करतो, पण संस्कृतात "धोरणी" म्हणजे न तुटणारी ओळ, परंपरा असाही अर्थ आहे, म्हणजे एका लयीत पुढे जात राहणं दोन्हीकडे आहेच की. जू कुठेच नाही.

हां, प्रबंध की शोधप्रबंध ते राहिलंच. प्रबंध पुरे आहे, पण मुखपृष्ठाचा नमुना विद्यापीठाने दिलाय त्यात जे छापलंय तेच टाका, आणि बाइंडिंगवाल्याकडे सोनेरी अक्षरं उमटवायच्या आधी एकदा स्वतः जाऊन वाचा, माझ्या भाच्याचं "प्रंबध" झालं होतं, पाचही प्रतींवर.