स्ट्रासबर्गला ऐन सप्टेंबरात बसवलं, ते बरोबर होतं का?

तुम्ही विचारलंय की 2012 साली अमेरिकेतला बेसबॉल संघ वॉशिंग्टन नॅशनल्स विजेतेपदाच्या शर्यतीत असताना त्यांनी शस्त्रक्रियेतून परतलेल्या स्टीफन स्ट्रासबर्गला, म्हणजे आपल्या सर्वांत भेदक पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला), सप्टेंबरातच थांबवलं हे योग्य होतं का. माझं मत असं: मर्यादा घातली हे योग्यच, पण वाचवलेली विश्रांती हंगामाच्या भलत्या टोकाला खर्च केली.

आधी कोपर समजून घ्या. सप्टेंबर 2010 मध्ये त्याच्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. यात कोपराच्या आतल्या बाजूच्या फाटलेल्या लिगामेंटच्या (दोन हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) जागी बहुधा मनगटाकडची किंवा मांडीची कंडरा घेतात आणि दोन्ही हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवतात. ओवलेल्या कंडरेला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. नव्या रक्तवाहिन्या आत शिरून ती लिगामेंटसारखी कामाला यायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात हलकी फेक सुरू होते आणि सामना खेळायला बारा ते अठरा महिने जातात. चेंडूचा वेग लवकर परत येतो, नेमकेपणा मागाहून. त्यामुळे नुसता वेग बघून पिचर बरा झाला असं ठरवणं फसवं असतं.

स्ट्रासबर्गच्या 2010 मध्ये मायनर लीग (खालच्या स्तरावरचे सामने) धरून सुमारे 123 इनिंग झाल्या होत्या, 2011 मध्ये जेमतेम 44. (पिचरची इनिंग म्हणजे तीन बाद, क्रिकेटच्या डावाशी गल्लत नको.) तिथून 2012 मध्ये 28 सामन्यांत 159⅓. ही उडी लहान नाही. शिवाय जनरल मॅनेजर माइक रिझो यांच्यासमोर घरचंच उदाहरण होतं. जॉर्डन झिमरमनची हीच शस्त्रक्रिया 2009 मध्ये झाली, 2011 मध्ये त्याला 161⅓ इनिंगवर थांबवलं आणि पुढच्या वर्षी त्याने 195⅔ इनिंग टाकल्या.

आता कॅलेंडर मांडून बघा. स्ट्रासबर्गची सरासरी दर सामन्याला 5.7 इनिंग. पाच पिचर पाळीपाळीने सामने सुरू करतात, त्या फेरीत एकाला हंगामात 32-33 सामने येतात, म्हणजे सुमारे 160 इनिंगची मर्यादा सप्टेंबरात संपणारच, हे मार्चमध्येच दिसत होतं. पहिले दहा-अकरा सामने वगळून त्याला जूनच्या सुरुवातीला उतरवलं असतं तर हंगामाच्या शेवटी सुमारे 34 इनिंग हाताशी राहिल्या असत्या. अंतिम फेरीपर्यंत मजल गेली तरी ऑक्टोबरात, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांत, एका पिचरला पाच-सहा सामने मिळतात. हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो. एप्रिल-मेमध्ये बदली पिचर खेळवून एखाददुसरा विजय गेलाही असता, पण नॅशनल्सनी 98 सामने जिंकून गटातल्या अटलांटा ब्रेव्ह्ज संघाला चार विजयांनी मागे टाकलं होतं.

मग तसं का केलं नाही? एक तर 2011 मध्ये या संघाचे 80 विजय आणि 81 पराभव होते. ऑक्टोबरासाठी काही राखून ठेवायची सवयच नव्हती. दुसरं कारण जास्त वजनदार आहे. थांबवून पुन्हा सुरू करणं डॉक्टरांना पसंत नव्हतं, आणि ते मला पटतं. तीन आठवडे बसलेला हात पुन्हा तापवताना फेकीची लय बिघडते, कोपर खाली येतं आणि ताण नको तिथे जातो. पण उशिरा सुरुवात म्हणजे मध्येच थांबणं नव्हे. एप्रिल-मेमध्ये त्याला फ्लोरिडातल्या सराव केंद्रावर ठेवून दर सहाव्या दिवशी आधी दोन, मग तीन, मग चार इनिंगचे सराव सामने देता आले असते. बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्याच्या मध्येच उतरणाऱ्या राखीव पिचरांत, हलवण्याचा पर्याय मात्र मी बाद करतो. तिथे कधी उठून हात तापवावा लागेल याचा नेम नसतो, आणि ती फेक कुठल्याच आकड्यात मोजली जात नाही.

खरं तर इनिंग हे मापच ढोबळ आहे. हाताच्या पुढच्या भागातले स्नायू लिगामेंटवरचा भार वाटून घेतात. ते थकले की सगळा भार लिगामेंटवर येतो. म्हणून 12 चेंडूंच्या सात इनिंगपेक्षा एकच 35 चेंडूंची इनिंग जास्त घातक ठरू शकते. मी असतो तर एका इनिंगला 30 आणि सामन्याला 95 चेंडूंची सीमा ठेवली असती, दोन सामन्यांत चारऐवजी पाच दिवस दिले असते, आणि हाताच्या पुढच्या भागात ताठरपणा आहे असं पिचर म्हणाला की त्याच दिवशी थांबवलं असतं.

यात खात्री कुणालाच देता येत नाही. त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्ह्जनी क्रिस मेडलनला आधी बुलपेनमध्ये ठेवून जुलैअखेर सामना सुरू करणारा पिचर केलं. हंगाम देखणा गेला, पण 2014 मध्ये त्याच्यावर तीच शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली. उलट सेंट लुईसच्या ॲडम वेनराइटने शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच हंगामात 198⅔ इनिंग टाकल्या. मात्र तो तिशीचा होता आणि वर्षाला 230 इनिंगची त्याला सवय होती. चोवीस वर्षांच्या स्ट्रासबर्गची मोठ्या लीगमधली एकूण शिदोरी तेव्हा शंभर इनिंगचीही नव्हती.

त्याच सेंट लुईसकडून नॅशनल्स ऑक्टोबरातल्या पाच सामन्यांच्या मालिकेत हरले. पाचव्या सामन्यात 6-0 अशी आघाडी होती आणि ती पुढे बुलपेनने घालवली; नवव्या इनिंगमध्ये चार धावा गेल्या. तो पराभव स्ट्रासबर्गच्या नसण्यावर टाकता येत नाही. तिसरा सामना 8-0 गेला. धावाच नसतील तर पिचर काय करणार? दुसऱ्या सामन्यात मात्र झिमरमन तीन इनिंगमध्ये पाच धावा देऊन बाहेर पडला. त्या दिवशी स्ट्रासबर्ग हवा होता.