दिरांच्या सहीने तुमची संमती होत नाही

प्रश्न: लातूरमध्ये आमची डाळमिल. वाटणीच्या वादातून थोरल्या दिरांनी सासऱ्यांचा खून केला. जन्मठेप झाली, अपील औरंगाबाद खंडपीठात आहे. आता मुंबईचा एक निर्माता यावर सिनेमा काढतोय. धाकट्या दिरांनी पैसे घेऊन करारावर सही केली. कथेत माझे थोरल्या दिरांशी संबंध दाखवलेत. कोर्टात साक्ष दिलेला माझा मुलगा 15 वर्षांचा आहे. सिनेमा थांबेल का?

उत्तर: ताई, अख्खा सिनेमा बंद पडेल ही आशा सोडा. ‘ऑटो शंकर’ प्रकरणात (त्या नावाच्या गुन्हेगाराच्या आत्मचरित्रावरून झालेला खटला) सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच सांगितलं की, न्यायालयीन कागदपत्रांवर आधारलेलं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. खून, वाटणी, दिरांची शिक्षा हे सगळं निकालपत्रात आहे, ते दाखवतील. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ सिनेमा मुंबई उच्च न्यायालयाने अडवला होता, पण तेव्हा त्या खटल्यात टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाचा निकाल यायचा होता. तुमच्याकडे सत्र न्यायालयाचा निकाल लागून गेलाय.

पण ‘ऑटो शंकर’ निवाड्याचीच दुसरी बाजू तुमच्या कामाची. कागदपत्रांपलीकडचं खाजगी आयुष्य संमतीशिवाय रंगवलं, तर जबाबदारी रंगवणाऱ्याची. निकालाची नक्कल काढा आणि साक्षी-पुरावे ओळ न् ओळ वाचा. संबंधांचा उल्लेख कुठेच नसेल, तर तो भाग वगळायला लावता येईल. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहेच. नावं बदलली म्हणून निर्माता सुटत नाही. डाळमिल, लातूर, वाटणीसाठी थोरल्या मुलाने केलेला बापाचा खून एवढं दाखवलं की मोंढ्यातला हमालसुद्धा घर ओळखेल. ‘पात्रे काल्पनिक आहेत’ ही पाटी तिथे फार उपयोगाची नाही.

धाकट्या दिरांनी विकली ती त्यांची स्वतःची हकिकत. तुमची संमती द्यायचा अधिकार त्यांना कुणी दिला? (पैसे घेणारा भाऊ अशा घरात एक तरी निघतोच.)

सगळ्यात भक्कम मुद्दा मुलाचा. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार गुन्ह्यातल्या बालसाक्षीदाराची ओळख पटेल असं नाव, शाळा, पत्ता, फोटो प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निर्मात्याचा वकील इथे लगेच नरमतो.

म्हणून नोटीस आजच पाठवा. त्यात मुलाचा मुद्दा पहिला, संबंधांचा दुसरा, आणि ‘माझी संमती नाही’ हे स्पष्ट शब्दांत. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मनाई हुकूम मागायला गेलात, तर ‘इतके दिवस काय करत होतात?’ हाच पहिला प्रश्न येईल. दिरांच्या कराराची प्रत मिळवा. त्यात ‘संपूर्ण कुटुंबाच्या वतीने’ असं लिहिलं असेल, तर नोटिशीची एक प्रत दिरांनाही.