पहिल्या लॉकडाऊनला निमूट घरात बसलेले लोक निर्बंध एका रात्रीत परत लावल्यावर एवढे का भडकले?

तुम्ही विचारलंय की मार्च 2020 ला जे लोक सांगितलं तसं घरात बसले, तेच नंतर निर्बंध अचानक परत आल्यावर रस्त्यावर का उतरले, लोकांमधली शिस्त संपली का. मला तसं वाटत नाही. आजारच खोटा म्हणणारे होते, मास्क नको म्हणणारे होते, ते पहिल्या दिवसापासून होते आणि आवाज त्यांचा मोठा होता. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा गट असा होता की ज्याचं म्हणणं फक्त एवढंच, बंद करायचंय तर करा पण हे असं रात्रीतून कसं करता. त्या गटाचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं.

पहिल्या वेळी कुणालाच काही कळत नव्हतं, सरकारलाही नाही, आणि हे लोकांना दिसत होतं म्हणून त्यांनी बरंच पोटात घातलं. दुसऱ्या वेळची गोष्ट वेगळी असते हो. मधल्या काळात सरकारनेच सांगितलेलं असतं की आता बाहेर पडा, कामावर जा, दुकानं उघडा. लोक त्या शब्दावर विसंबून तिकिटं काढतात, हॉल बुक करतात, माल भरतात, आईवडिलांना कळवतात की अमुक तारखेला येतोय. मग एका संध्याकाळी टीव्हीवर येऊन सांगायचं की आज मध्यरात्रीपासून सगळं रद्द, तर माणूस चिडणार नाही तर काय करणार.

इंग्लंडचंच बघा. डिसेंबर 2020 मध्ये नाताळला तीन घरांनी पाच दिवस एकत्र यायला परवानगी दिलेली होती, 16 तारखेपर्यंत पंतप्रधान बोरिस जॉन्सन सांगत होते की ती रद्द करणार नाही. आणि 19 तारखेला शनिवारी दुपारी त्यांनीच जाहीर केलं की लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये त्याच मध्यरात्रीपासून सगळ्यात कडक नियम, दुसऱ्या घरच्यांसोबत नाताळ नाही. कारण खरं होतं, नवा व्हेरियंट झपाट्याने पसरत होता. पण त्या रात्री लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर बॅगा घेऊन शेवटच्या गाड्या पकडणाऱ्यांची गर्दी झाली आणि दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्र्यांनी त्या लोकांना बेजबाबदार ठरवलं. मला हे फार लागलं होतं. तीन दिवसांपूर्वी तुम्हीच जा म्हणालात ना. त्याआधी जुलैमध्ये तर मँचेस्टर आणि आसपासच्या भागात एकमेकांच्या घरी जायला बंदी आली ती रात्री नऊच्या पुढे ट्विटरवरून, लागू मध्यरात्रीपासून, आणि दुसऱ्या दिवशी बकरी ईद. पाहुण्यांसाठी घरात तयारी झालेली आणि हातात जेमतेम तीन तास.

आता सरकारची बाजू. ती मला चांगली ठाऊक आहे कारण माझी मावसबहीण त्या काळात कोविड वॉर्डात नर्स होती आणि तिला आठवडाभर आधी सूचना द्या वगैरे बोलणं ऐकवत नसे. तिचं म्हणणं साधं होतं, आज वॉर्डात जो पेशंट येतो त्याला लागण झालीय दीडदोन आठवड्यांपूर्वी, म्हणजे आज बंद केलं तरी पुढचे दहाबारा दिवस पेशंट वाढतच राहणार, आणि तुम्ही सूचना म्हणून जितके दिवस द्याल तितके दिवस त्याच्यावर आणखी चढणार. संसर्ग तीनचार दिवसात दुप्पट होत असेल तर एक आठवडा म्हणजे चौपट, हे गणित कुणालाही समजतं. शिवाय आधी सांगितलं की लोक पळतात. 7 मार्च 2020 च्या रात्री इटलीत लोम्बार्डी बंद करायच्या आदेशाचा मसुदा फुटला आणि मिलानच्या स्टेशनवर दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना झुंबड उडाली, आजार गाडीत बसून पुढे गेला तो वेगळाच. त्यामुळे सूचना कमी का देतात हे मला कळतं, आणि काही वेळा तेच बरोबर असतं असंही मी म्हणेन.

पण घाई करणं आणि तयारी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकांना तो फरक लगेच कळतो. मेलबर्नमध्ये 4 जुलै 2020 ला काय झालं ते मी मुद्दाम सविस्तर सांगतो कारण राग का येतो ते त्यात सगळं आहे. तिथे सरकारी घरांच्या नऊ उंच इमारती, साधारण तीन हजार लोक, बरेचसे स्थलांतरित आणि निर्वासित, कित्येकांना इंग्रजी येत नाही. दुपारी पत्रकार परिषदेत राज्याचे प्रमुख डॅनियल अँड्र्यूज यांनी सांगितलं की या इमारतींमधल्या कुणीही घराबाहेर पडायचं नाही, आत्तापासून. काही तासांचीसुद्धा सूचना नाही. बऱ्याच जणांना कळलं ते खाली उतरल्यावर पोलीस दिसले तेव्हा. कुणाची औषधं संपत आलेली, लहान मुलांच्या घरात लागणारं सामान नाही, आणि सांगायला येणारे आधी पोलीस, दुभाषी आणि आरोग्यवाले मागाहून. नंतर राज्याच्या लोकपालांनी चौकशी केली, डिसेंबर 2020 ला अहवाल आला, त्यात निघालं की इमारती काही काळ बंद करायला आरोग्य अधिकाऱ्यांची हरकत नव्हती, पण तडकाफडकी आत्ताच्या आत्ता करा असा त्यांचा सल्ला नव्हता, आणि आदेश वाचून सही करायला त्या अधिकाऱ्यांना पत्रकार परिषदेआधी जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली होती. हे मानवी हक्कांच्या कायद्याच्या विरुद्ध झालं असं लोकपालांनी स्पष्ट लिहिलं आणि माफी मागायला सांगितलं, ती सरकारने तेव्हा मागितली नाही. एक दिवस दिला असता तर माणसांनी औषधं आणली असती, दुभाषी दारात उभे राहिले असते.

याच्या उलट न्यूझीलंड. 17 ऑगस्ट 2021 ला ऑकलंडमध्ये कोरोनाच्या डेल्टा व्हेरियंटची शक्यता असलेला एक, हो एकच, पेशंट सापडला आणि संध्याकाळी सहाला पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी सांगितलं की रात्री 11:59 पासून अख्खा देश चौथ्या, म्हणजे सगळ्यात कडक पातळीवर. म्हणजे जेमतेम सहा तास. तरी त्या रात्री फार आरडाओरड झाली नाही, सुपरमार्केटबाहेर रांगा लागल्या इतकंच. का? कारण मार्च 2020 पासून त्यांच्या चार पातळ्या ठरलेल्या होत्या, कुठल्या पातळीला काय चालू काय बंद हे लोकांना तोंडपाठ, आणि पगाराची मदत कशी मिळते तेही माहीत. घोषणा अचानक आली पण त्यात नवीन काही समजून घ्यायचं नव्हतं. पुढे ऑकलंडची टाळेबंदी शंभर दिवसांच्या वर लांबली तेव्हा तिथेही लोक वैतागलेच, 2022 ला वेलिंग्टनला संसदेसमोर लसीच्या सक्तीवरून तंबू ठोकून बसले, तेव्हा तिथले लोक जात्याच शांत वगैरे मी म्हणत नाही.

चूक सरळ कबूल केली की पण फरक पडतो. जर्मनीत मार्च 2021 ला ईस्टरच्या दिवसात सगळं कडक बंद ठेवायचं असं पहाटेपर्यंत चाललेल्या बैठकीत ठरलं, पगाराचं काय, किराणा दुकानांचं काय काहीच नीट ठरलेलं नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केल यांनी तो निर्णय मागे घेतला आणि ही चूक माझी आहे म्हणून माफी मागितली. टीका झाली, पण निदान कुणीतरी जबाबदारी घेतली.

आणि सगळ्यात जास्त राग असतो तो पैशाचा, त्यावर चर्चा सगळ्यात कमी होते. परत इंग्लंड. ऑक्टोबर 2020 मध्ये मँचेस्टरवर कडक निर्बंध आले तेव्हा ठरलं की कामं बंद पडलेल्यांना पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम मिळेल. महापौर अँडी बर्नहॅम भागाला मदत म्हणून किमान साडेसहा कोटी पौंड मागत होते, सरकार सहा कोटींवर अडलं, बोलणी फिसकटली. मग 31 ऑक्टोबरला देशभराचं लॉकडाऊन जाहीर झालं, त्यात लंडनही आलं, आणि तेव्हा मात्र पगाराच्या 80 टक्के मिळण्याची जुनी योजना वाढवली. उत्तरेकडच्या लोकांनी विचारलं की आम्ही एकटे बंद होतो तेव्हा 67 आणि आता 80 कसे, तर या प्रश्नाला काय उत्तर आहे सांगा. त्यात आणखी एक, ती 80 टक्क्यांची योजना त्याच दिवशी, 31 ऑक्टोबरला संपणार होती आणि वाढवल्याचं कळलं त्याच संध्याकाळी. योजना संपतेय म्हणून मालकांनी आधीच्या आठवड्यांत माणसं काढून टाकलेली. 23 सप्टेंबरला जे कामावर होते त्यांना परत घेऊन योजनेत बसवता येईल अशी सोय सरकारने नंतर केली, पण परत घ्यायचं की नाही हे पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर होतं.