आधी ग्राहक, मग विमानाचे तिकीट

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. गेली दोन वर्षे ती लहान व्यावसायिकांना संकेतस्थळे तयार करून देते आणि त्यातून तिची थोडीफार कमाईही होते. एका सॉफ्टवेअर कंपनीने तिला नोकरी देऊ केली आहे. ती नाकारून परीक्षा संपताच थायलंडला आणि तेथून पोर्तुगालला जायचे, लॅपटॉपवर काम करत जग पाहायचे आणि स्वतःचा डिजिटल व्यवसाय उभा करायचा, असे तिने ठरवले आहे. त्यासाठी एक महागडा ऑनलाइन अभ्यासक्रमही तिला करायचा आहे. हा खरोखरच व्यवसाय आहे का? आम्ही तिला अडवावे का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, आणि घरातला वादही बहुधा त्यामुळेच चिघळला असावा. मुलीने कोणते काम करावे हा एक प्रश्न आणि ते कोठे बसून करावे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पक्के असेल तर दुसरा फारसा अवघड नाही. पहिल्याचे उत्तर कच्चे असेल, तर देश कोणताही निवडला तरी ती साठवलेले पैसे संपेपर्यंतचीच सहल ठरते. म्हणून तिला अडवू नये असे माझे मत आहे, मात्र परीक्षा संपताच निघू नये असेही आहे.

हा व्यवसाय आहे का, हे प्रथम पाहू. दूर बसून काम करणारे सगळे एकाच प्रकारचे नसतात. काही जण नोकरदार असतात. गिटलॅबसारख्या कंपनीत सर्वच कर्मचारी आपापल्या ठिकाणाहून काम करतात. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने तर २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील आपले कार्यालय कोणी फारसे येत नाही म्हणून बंद केले. मात्र अशा नोकऱ्यांच्या जाहिरातीत ‘रिमोट’ या शब्दापुढे बहुधा एखाद्या देशाचे नाव असते, कारण कर्मचारी ज्या देशात राहतो तेथील कर आणि कामगार कायदे कंपनीला लागू होऊ शकतात. दुसरे फ्रीलान्स काम करणारे, ज्यांना प्रत्येक कामाचे किंवा तासांचे पैसे मिळतात. तिसरे उद्योजक, ज्यांचे एखादे उत्पादन असते आणि मालक झोपेत असतानाही ते विकले जाते. आपली कन्या स्वतःला उद्योजक म्हणवते, परंतु आज ती करते ते फ्रीलान्स काम आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त प्रवासाच्या ज्या दिवशी तिचे काम थांबेल, त्या दिवशी तिची कमाईही थांबेल, हे तिला ठाऊक असायला हवे.

म्हणूनच तिच्या दोन वर्षांच्या कामाचा हिशेब तिच्यासोबत बसून काढावा, अशी माझी पहिली विनंती आहे, आणि तो केवळ रकमेचा नसावा. किती ग्राहक दुसऱ्यांदा आले? ओळखीपाळखीच्या बाहेरचे किती? काम सुरू करण्यापूर्वी आगाऊ रक्कम किती जणांनी दिली आणि शेवटचे बिल वसूल करण्यासाठी किती जणांच्या मागे लागावे लागले? संकेतस्थळ एकदा बांधून दिले की ग्राहक निघून जातो आणि दर महिन्याला नवा शोधावा लागतो. याउलट ते अद्ययावत ठेवणे, त्याच्या प्रती जपणे, बिघाड दुरुस्त करणे यांसाठी देखभालीचा वार्षिक करार केला, तर ठरावीक रक्कम येत राहते. असे करार हातात असलेली व्यक्ती निर्धास्तपणे देश बदलू शकते. एकही करार नसताना, अनोळखी शहरात, घरभाडे देण्याची तारीख जवळ आलेली असताना ग्राहक शोधणारी व्यक्ती मिळेल ते काम मिळेल त्या दराने घेते, आणि एकदा पडलेला दर वर चढवणे फार कठीण असते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. चार पानांचे साधे संकेतस्थळ आता विक्स किंवा शॉपिफायसारख्या तयार साधनांनी दुकानदार स्वतःच बनवू लागला आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने ते काम आणखी सोपे केले आहे. केवळ ‘संकेतस्थळे बनवते’ एवढ्या ओळखीवर पुढची दहा वर्षे निघणार नाहीत. तिने एखादा नेमका प्रश्न सोडवण्यात हातखंडा मिळवावा. उदाहरणार्थ, युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ऑनलाइन विक्रीसह अनेक डिजिटल सेवा अपंग व्यक्तींनाही वापरता येतील अशा असणे बंधनकारक झाले आहे. अगदी लहान सेवा-व्यवसायांना सूट असली तरी बाकीच्यांना आपली संकेतस्थळे तपासून सुधारून घ्यावी लागत आहेत. अंध ग्राहकाला पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या मदतीने खरेदी पूर्ण करता येते का, चित्रांना वर्णन जोडलेले आहे का, माऊसशिवाय नुसत्या कळफलकावर अर्ज भरता येतो का, अशी ही तपासणी असते. ती शिकायला काही महिने पुरतात आणि ती जाणणारा माणूस कोठे बसला आहे हे ग्राहक विचारत नाही.

आता व्हिसाविषयी, कारण येथे तिच्या कल्पनेला सर्वांत मोठा धक्का बसेल. पर्यटक म्हणून जायचे आणि खोलीत बसून काम करायचे, असे अनेक जण करतात. म्हणून ते कायदेशीर ठरत नाही आणि पकडले गेल्यास परत पाठवणी होऊ शकते. २०२० मध्ये बार्बाडोस आणि एस्टोनिया यांनी दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळे परवाने सुरू केले आणि त्यांच्यामागोमाग अनेक देश आले, पण या परवान्यांच्या अटी नवशिक्यासाठी लिहिलेल्या नाहीत. थायलंडने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेला डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) पाच वर्षांचा आहे आणि एका वेळी १८० दिवस राहू देतो, परंतु अर्ज करताना पाच लाख बाट शिल्लक दाखवावी लागते. पोर्तुगालला तेथील किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न हवे असते. स्पेनमध्ये पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव मागतात आणि ज्या कंपनीसाठी काम करायचे तिच्याशी किमान तीन महिन्यांपासून संबंध असल्याचा पुरावाही मागतात. पदवी अर्धवट सोडण्याचा विचार तिच्या मनात कधी आलाच, तर ही अट तिला दाखवावी. रकमा आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे अर्जापूर्वी त्या त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळच प्रमाण मानावे. (एस्टोनियाची २०१४ पासूनची ई-रेसिडेन्सी पाहून अनेकांची गफलत होते. तिच्या आधारे तेथे कंपनी नोंदवून दुरून चालवता येते, पण त्या देशात राहण्याचा अधिकार मिळत नाही.)

कराच्या बाबतीत तर अफवाच फार. कोणत्याही देशात १८३ दिवस पूर्ण केले नाहीत म्हणजे कोठेच कर नाही, हे वाक्य तिने नक्कीच ऐकले असेल. अनेक देशांत दिवसांची ही मोजणी आहे हे खरे, पण घर, कुटुंब आणि आर्थिक संबंध कोठे आहेत हेही पाहिले जाते आणि स्वदेशाचा कर निघाल्याबरोबर सुटतोच असे नाही. थायलंडचेच पाहा : एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलेली व्यक्ती तेथे कर-निवासी (म्हणजे करासाठी तेथील रहिवासी) ठरते आणि तिने १ जानेवारी २०२४ नंतर मिळवलेले परदेशी उत्पन्न तेथे आणल्यास ते करपात्र मानण्याचे धोरण आहे. म्हणजे व्हिसाने दिलेली मुदत एकाच वर्षात पूर्ण वापरली की कराचाही उंबरठा गाठला जातो. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय कर जाणणाऱ्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. त्याची फी हा व्यवसायाचा खर्च समजावा.

रोजच्या कामात सर्वाधिक त्रास घड्याळाचा होतो. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात बँकॉक त्याच्या बारा तास पुढे असते, म्हणजे ग्राहकाची सकाळी दहाची बैठक तिच्यासाठी रात्री दहाची. उन्हाळ्यात तीच नऊला येते. अमेरिकेची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतात आणि युरोपची शेवटच्या, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडे ग्राहक असणाऱ्याचे वेळापत्रक हमखास कोलमडते. लिस्बनचे आणि लंडनचे घड्याळ वर्षभर सारखे असते, त्यामुळे ब्रिटिश ग्राहक असतील तर पोर्तुगालचा विचार योग्य आहे. देशाची निवड समुद्रकिनाऱ्यावरून करण्यापेक्षा ग्राहकांच्या कार्यालयीन वेळेवरून करावी. आणि दर आठवड्याला शहर बदलणाऱ्याचे काम होत नाही. एका ठिकाणी निदान दोन-तीन महिने मुक्काम असावा.

बँकेचा ओटीपी येणारे सिम परदेशात चालू ठेवणे, भाड्याच्या घरातील इंटरनेटचा अपलोड वेग पैसे देण्यापूर्वी तपासणे, प्रवास विमा आणि आरोग्य विमा यांतला फरक समजून घेणे, ही कामे कंटाळवाणी असली तरी तिने ती स्वतः करावीत, आपण करून देऊ नयेत.

अभ्यासक्रमाला मात्र माझा विरोध आहे. जग फिरत कमाई कशी करावी हे शिकवणाऱ्यांपैकी अनेकांची मुख्य कमाई शिकवण्याच्या शुल्कातूनच होते. शिक्षकाला शिकवण्याव्यतिरिक्त कोणते ग्राहक आहेत आणि त्यांच्यासाठी त्याने काय केले आहे, हे तिने लेखी विचारावे. उत्तर मोघम आले तर ते पैसे बचतीतच राहू द्यावेत.

नोकरीबाबत माझा सल्ला असा की ती स्वीकारावी आणि वर्ष-दीड वर्ष करावी. मोठ्या कामाचा अंदाज कसा बांधतात, ग्राहकाला नकार कसा देतात, दुसऱ्याने लिहिलेला कोड कसा सांभाळतात, हे एकट्याने काम करताना फार उशिरा कळते. त्या काळात संध्याकाळी स्वतःचे दोन-तीन देखभाल करार जमवावेत आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला काढावी. त्यानंतर सुट्टी घेऊन महिनाभर दुसऱ्या देशात राहून पाहावे. या महिन्यात कंपनीचे किंवा ग्राहकांचे काम करायचे असेल, तर त्यासाठीही योग्य व्हिसा आणि कंपनीची लेखी परवानगी हवी.

एक अडचण येऊ शकते. अनेक नियुक्तिपत्रांत नोकरीच्या काळात बाहेरचे मोबदल्याचे काम करण्यास मनाई असते आणि कर्मचाऱ्याने तयार केलेल्या सॉफ्टवेअरवर कंपनीचा हक्क सांगणारे कलमही असते. सही करण्यापूर्वी ही दोन्ही कलमे तिने शब्दशः वाचावीत आणि आपल्या जुन्या ग्राहकांची नावे देऊन त्यांची कामे चालू ठेवण्याची परवानगी ई-मेलने मागावी. कंपनीने नकार दिल्यास निर्णय वेगळा होऊ शकतो; तसे झाल्यास ती कलमे आणि कंपनीचे उत्तर मला पाठवावे.

आपला,
करिअर समुपदेशक