मिठाचा खडा कशाने मोठा होतो?

प्रश्न : आमच्या गावच्या मिठागरातले मीठ चांगले जाडे, खड्याखड्यांचे असते. तेच खाडीचे पाणी मी घरी टोपात उकळून आटवले, तेव्हा तळाशी पिठासारखी पूड राहिली. पाणी एकच असताना हा फरक का पडतो?
— एक वाचक, शिरोडा

उत्तर : समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला मोठा भाग मिठाचा असतो. हे पाणी आटून सुमारे एकदशांश उरले, की त्यात आणखी मीठ मावत नाही आणि जास्तीचे मीठ बाहेर पडू लागते. अशा मिठापुढे दोन वाटा असतात : नवा सूक्ष्म कण तयार करायचा, किंवा आधीच्या कणावर थर चढवायचा. टोपाखाली जाळ असला, की पाणी झपाट्याने आटते, मिठाला आधीच्या कणांपर्यंत पोहोचायला सवड मिळत नाही आणि उकळीच्या खळबळीत जागोजागी असंख्य नवे कण जन्मतात. मीठ तेवढेच, वाटेकरी मात्र फार. पाच मिलिमीटरच्या एका घनाकृती खड्यातल्या मिठाचे अर्ध्या मिलिमीटरचे 1000 कण होतात, यावरून या वाटणीचा अंदाज यावा.

मिठागराच्या उथळ वाफ्यात हेच काम उन्हावाऱ्याने दिवसचे दिवस चालते. तिथे नवे कण कमी निपजतात आणि जुने पोसले जातात. वारा पडलेल्या दुपारी वाफ्याच्या पृष्ठभागावर मिठाच्या पोकळ, पायऱ्यापायऱ्यांच्या चौकोनी वाट्या तरंगताना दिसतात. स्फटिकाच्या कडांना मधल्या भागापेक्षा जास्त मीठ मिळते, म्हणून कडा पुढे धावतात आणि मध्य खोलगट राहतो. (ही वाटी भिंगाखाली अवश्य पाहावी.)

खडीसाखरही अशीच संथपणे दोऱ्यावर वाढते, पण साखरेचा गरम पाक निवला तरी खडे धरतो. मिठाचे तसे नाही. ते गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा जेमतेमच जास्त विरघळते, त्यामुळे त्याला पाणी उडून जाण्याचीच वाट पाहावी लागते.

खनिजांनाही हाच नियम लागू पडतो. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो लवकर थिजल्यामुळे त्यातले स्फटिक नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतात. त्याच कातळाच्या पोकळ्यांत मात्र खनिजयुक्त पाणी सावकाश झिरपत राहिले आणि झिओलाइटचे टपोरे स्फटिक तयार झाले. मेक्सिकोतील नाइका खाणीत तर जिप्समचे 11 मीटरपर्यंत लांबीचे स्फटिक आहेत. तिथले पाणी लाखो वर्षे जवळजवळ एकाच तापमानाला राहिले होते.

घरी पाहायचे असल्यास मिठाचे संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही असे) पाणी गाळून पसरट बशीत घ्यावे, त्यात एकच चांगला खडा ठेवावा, वर पातळ फडके टाकावे आणि बशी आठवडाभर हलवू नये. हे माघ-फाल्गुनातच करावे. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली, की खडा वाढणे दूरच, उलट त्यालाच पाणी सुटते.