चित्रे जमवणारा औषधनिर्माता

चित्रे जमवून आपल्याच गावात कलादालन उभारणारा शास्त्रज्ञ कोणी झाला का, आणि त्याच्या विज्ञानाचा त्या संग्रहाशी काही संबंध होता का, असे आपण विचारले आहे. आपल्याकडे अशा वेळी होमी भाभांचे नाव निघते. परंतु भाभांनी चित्रे घेतली ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी. पदरचे पैसे घालून, केवळ स्वतःच्या मताने संग्रह उभा करणारे म्हणून मी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट बार्न्स यांचे नाव पुढे करीन.

बार्न्स शिक्षणाने डॉक्टर. हर्मन हिल या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या साथीने त्यांनी 'अर्जिरॉल' हे चांदीयुक्त औषध बाजारात आणले. नवजात बालकांना जंतुसंसर्गाने अंधत्व येऊ नये म्हणून त्या काळी डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालत, पण ते झोंबत. अर्जिरॉल त्या मानाने सौम्य होते आणि त्यावर बार्न्स गडगंज श्रीमंत झाले. (यात रसायनज्ञ म्हणून श्रेय हिल यांनाही तितकेच द्यावे, असे माझे मत आहे.) १९१२ मध्ये त्यांनी आपले शाळासोबती, चित्रकार विल्यम ग्लॅकन्स यांना २०,००० डॉलर देऊन चित्रखरेदीसाठी पॅरिसला धाडले, आणि १९२२ मध्ये शहरालगतच्या मेरियन येथे बार्न्स फाउंडेशनची स्थापना केली.

विज्ञानाचा संबंध दिसतो तो मांडणीत. आपल्या पुण्यात केळकर संग्रहालयात अडकित्ते अडकित्त्यांबरोबर आणि दिवे दिव्यांबरोबर पाहायची आपल्याला सवय असते. बार्न्स यांनी मात्र काळ, देश आणि प्रकार ही वर्गवारीच मोडीत काढली. मुख्य दालनात फ्रेंच चित्रकार पॉल सेझानच्या पत्ते खेळणाऱ्यांच्या चित्राच्या वर जॉर्ज सरा या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराचे भलेमोठे चित्र टांगले आहे, आणि भिंतींवर चित्रांच्या अधेमधे दारांच्या लोखंडी बिजागऱ्या, कड्या, कुलपांचे पत्रे ठोकलेले आहेत. बिजागरीचा बाक शेजारच्या चित्रातील रेषेशी ताडून पाहावा, हा हेतू. भिंतीवर माहितीच्या पाट्या नाहीत. प्रकाश, रेषा, रंग आणि अवकाश हे घटक प्रेक्षकाने शास्त्रज्ञासारखे आधी स्वतः निरखावेत, चित्रकाराची कीर्ती नंतर, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यामागे जॉन ड्यूई या तत्त्वज्ञ मित्राचा अनुभवनिष्ठ शिक्षणविचार होता. त्याआधीही आपल्या कारखान्यात कामगारांसाठी कामाच्या वेळातच ते वाचन-चर्चेचे वर्ग घेत आणि तेथे चित्रेही टांगत.

स्वभाव मात्र विलक्षण तिरसट. १९२३ मध्ये त्यांच्या संग्रहातील चित्रांच्या फिलाडेल्फियातील प्रदर्शनावर समीक्षकांनी झोड उठवल्यानंतर त्यांनी प्रतिष्ठितांना दारातूनच परत पाठवण्याचा जणू परिपाठ ठेवला. १९५१ मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. एकही चित्र जागचे हलवू नये, ही त्यांची अट होती. तरीही न्यायालयाच्या परवानगीने २०१२ मध्ये संग्रह फिलाडेल्फिया शहरात आला, आणि नव्या इमारतीत जुन्या दालनांची मांडणी जशीच्या तशी उभारण्यात आली. त्या स्थलांतरावर आजही टीका होते. मला ते योग्य वाटते, कारण ज्या सामान्य प्रेक्षकासाठी बार्न्स यांनी हा खटाटोप केला, त्याला मेरियनपेक्षा शहरात पोहोचणे सोपे आहे.