शोतोकान ही कराटेची शैली जपानबाहेर कोणी रुजवली?

याचे श्रेय एकट्या व्यक्तीला देता येणार नाही. जपान कराटे असोसिएशनने कसून तयार केलेल्या प्रशिक्षकांच्या एका पिढीचे हे काम आहे. १९६१ मध्ये हिरोकाझु कानाझावा हवाईला, तर तेरुयुकी ओकाझाकी फिलाडेल्फियाला गेले. १९६५ मध्ये कानाझावा, केइनोसुके एनोएदा, हिरोशी शिराई आणि ताइजी कासे यांनी परदेशांत प्रात्यक्षिकांचा दौरा केला आणि पुढे एनोएदा इंग्लंडमध्ये, शिराई मिलानमध्ये व कासे पॅरिसमध्ये स्थायिक होऊन आयुष्यभर शिकवत राहिले. या सर्वांत मला कानाझावांविषयी विशेष आदर वाटतो, कारण १९५७ च्या पहिल्या अखिल जपान स्पर्धेत हाताचे हाड मोडलेले असतानाही, दुसरा हात आणि पाय यांच्या बळावर लढून त्यांनी कुमितेचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी लढण्याच्या प्रकाराचे, विजेतेपद मिळवले होते.